विश्लेषण : प्रदर्शित न झालेल्या गाण्यांचा माग ‘मास्टरिंग’च्या श्रेयातून कसा लागतो?

एप्रिल २०१४ मध्ये ‘डिस्कॉग्ज’ या तबकड्यांच्या ऑनलाइन बाजारात एक तबकडी विक्रीला आली. किंमत १३ हजार ५०० डॉलर. कलाकाराचे नाव ‘कॉस्टिक विंडो’. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चाहत्यांना हे नाव नवे नव्हते. ब्रिटिश संगीतकार रिचर्ड डी. जेम्स, म्हणजेच ‘ॲफेक्स ट्विन’, याच्या अनेक टोपणनावांपैकी ते एक. ही तबकडी १९९४ मध्ये त्याच्याच ‘रेफ्लेक्स’ या कंपनीकडून यायची होती. तिला ‘कॅट ०२३’ असा क्रमांकही मिळाला होता. मात्र ती दुकानात कधी पोहोचलीच नाही. कारखान्यातून निघालेल्या मोजक्या चाचणी-प्रती तेवढ्या उरल्या. तब्बल वीस वर्षे चाहत्यांकडे होता तो यादीतला एक क्रमांक आणि त्यामागे काहीतरी नक्की आहे हा विश्वास.

हा विश्वास आंधळा नव्हता. संगीत तयार होताना जी कागदोपत्री आणि तांत्रिक खूण मागे राहते, ती वाचण्याची एक पद्धत चाहत्यांनी विकसित केली आहे. त्या खुणांमध्ये सर्वात बोलकी असते ती मास्टरिंगची. या शोधाला कुणी रिकामटेकडेपणा म्हणते, कुणी चोरीची पहिली पायरी. माझ्या मते तो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. पण त्यासाठी आधी मास्टरिंग म्हणजे काय ते पाहावे लागेल.

मास्टरिंग म्हणजे नेमके काय?

गाणे आधी ध्वनिमुद्रित होते. मग मिक्सिंगमध्ये कोणता आवाज पुढे, कोणता मागे हे ठरते. त्यानंतर जो शेवटचा हात फिरतो, ते मास्टरिंग. सर्व गाण्यांची ध्वनिपातळी एकमेकांशी जुळवायची, खर्ज आणि तीव्र स्वरांचा तोल साधायचा, दोन गाण्यांमधली शांतता किती सेकंदांची ते ठरवायचे आणि कारखान्यात किंवा स्ट्रीमिंग कंपनीकडे जाणारी अंतिम प्रत तयार करायची. विनाइल तबकडी असेल तर काम अधिक नाजूक. खर्ज फार पसरट ठेवला तर सुई उडते. एका बाजूवर फार वेळ संगीत भरले तर आवाज बारीक करावा लागतो. लॅकर नावाच्या मऊ थराच्या चकतीवर चर कोरणारा माणूस हे सगळे एकाच वेळी सांभाळतो.

शोधाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, हे काम शेवटी होते आणि त्याला पैसे मोजावे लागतात. डोक्यात आलेली चाल किंवा अर्धवट मुखडा कुणी मास्टरिंगला पाठवत नाही. त्यामुळे ‘अमक्याने ध्वनिमुद्रण केले’ या वाक्यापेक्षा ‘तमक्याने मास्टरिंग केले’ या वाक्याला पुरावा म्हणून अधिक वजन आहे.

दुसरी गोष्ट खास इलेक्ट्रॉनिक संगीताची आहे. चित्रपटगीताभोवती माणसांचा गोतावळा असतो. गायक, वादक, संयोजक, स्टुडिओचे आरक्षण. कुठून ना कुठून बातमी फुटते. इलेक्ट्रॉनिक संगीतकार मात्र घरातल्या खोलीत एकटा बसून सगळे करतो. वादक नाहीत, गायक बहुधा नाही, स्टुडिओही त्याचाच. अशा वेळी पूर्ण झालेली रचना ऐकणारी दुसरी व्यक्ती पुष्कळदा मास्टरिंग इंजिनीअरच असते. दार उघडते ते तिथेच. म्हणून चाहते त्या दारावर डोळा ठेवून असतात.

हे श्रेय वाचायचे कुठे?

पहिली जागा म्हणजे तबकडीच. संगीत संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, तिच्यावर क्रमांक आणि कधी सह्या कोरलेल्या असतात. उजेडात तबकडी तिरपी धरली की दिसतात. ब्रिटनमधल्या जॉर्ज पेकहॅम यांची ‘पोर्की प्राइम कट’ ही खूण संग्राहकांमध्ये इतकी प्रसिद्ध आहे, की ती दिसली की तबकडीचा भाव वधारतो. ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीच्या ‘होमवर्क’ (१९९७) आणि ‘डिस्कव्हरी’ (२००१) या अल्बमांवर शेवटचा हात फिरवला तो लंडनच्या ‘द एक्स्चेंज’ स्टुडिओतल्या नीलेश पटेल यांनी. जगभर नाचल्या गेलेल्या या संगीतामागचे हे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? चाहत्यांना ते ठाऊक आहे, कारण त्यांनी श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचली.

दुसरी जागा म्हणजे आयएसआरसी, अर्थात प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक. त्यात देशाची दोन अक्षरे, क्रमांक देणाऱ्या संस्थेची तीन, वर्षाचे दोन आकडे आणि शेवटी पाच आकड्यांचा अनुक्रम असतो. सीडीमध्ये हा क्रमांक सामान्यतः मास्टरिंगच्या टप्प्यावरच घातला जातो. एखाद्या अल्बमात ०१ ते ०८ आणि मग थेट १० आले, की चाहत्यांच्या भुवया उंचावतात. ०९ कुठे गेला?

तिसरी जागा हक्कसंस्थांच्या नोंदवह्यांची. रॉयल्टी मिळावी म्हणून रचनाकार आपल्या रचना या संस्थांकडे नोंदवतात आणि बऱ्याच संस्थांच्या याद्या कुणालाही पाहता येतात. २००७ मध्ये ‘द टस’ या नावाने रेफ्लेक्सकडून संगीत आले. श्रेय होते ब्रायन आणि कॅरेन ट्रेगास्किन अशा अनोळखी नावांना. ऐकणाऱ्यांना शंका आली. यामाहाच्या जीएक्स-१ या अतिशय दुर्मीळ, अवाढव्य सिंथेसायझरचा आवाज त्यात होता आणि तो बाळगणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग कुणीतरी हक्कांच्या नोंदी चाळल्या आणि तिथे नाव निघाले रिचर्ड डेव्हिड जेम्स. टोपणनावाने कानांना चकवता येते. रॉयल्टीचा धनादेश मात्र खऱ्या नावानेच निघावा लागतो.

चौथी जागा, इंजिनीअरांच्या स्वतःच्या कामांच्या याद्या. गिऱ्हाईक मिळवण्यासाठी त्या प्रसिद्ध केलेल्या असतात. अनेकदा बातमी आधी तिथे येते आणि मग कंपनी घोषणा करते.

या सगळ्याची मुळे आपल्या परिचयाची आहेत. १९०२ मध्ये गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारत. त्यात आढ्यता नव्हती. मुद्रण भारतात होई, पण तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना लेबलवर कोणाचे नाव घालायचे ते कळावे, यासाठी ही सोय होती. कारखान्यासाठी ठेवलेली ती खूण आज इतिहासकारांचा आधार झाली आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या संग्राहकांनी नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या जुन्या तबकड्यांचा इतिहास जुळवला, तोही कोरलेल्या क्रमांकांवरूनच. त्यांना आपण संशोधक म्हणतो. मग मोबाइलवर तेच करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला रिकामटेकडा का म्हणायचे?

मग अंदाज चुकतात कुठे?

पुष्कळ ठिकाणी. मास्टरिंग झाले म्हणजे गाणे येणारच, ही उडी सर्वात धोक्याची. ‘कॉस्टिक विंडो’चेच पाहा. मास्टरिंग झाले, चाचणी-प्रती निघाल्या आणि तरीही वीस वर्षे काहीच आले नाही. लंडनच्या डबस्टेप वर्तुळात तर अप्रकाशित गाण्याचे मास्टरिंग ही रोजचीच बाब होती. तिथले डीजे नवे गाणे तयार झाले की जेसन गॉझ यांच्या ‘ट्रान्झिशन’ स्टुडिओत जाऊन त्याची एकच तबकडी कापून घेत आणि त्या आठवड्यात क्लबमध्ये वाजवत. थोड्याच वापरात झिजणारी ही ‘डबप्लेट’. त्यातली कितीतरी गाणी पुढे कधीच बाजारात आली नाहीत, कारण ती बाजारासाठी नव्हतीच. श्रेय सांगते की काम झाले. ते कशासाठी झाले, हे सांगत नाही.

आयएसआरसीतल्या वर्षाचेही तसेच. ते क्रमांक दिल्याचे वर्ष असते. गाणे बनल्याचे असेलच असे नाही. अनुक्रमातला सुटलेला आकडा म्हणजे दडवलेला खजिना, असे मानून उत्साहाने लिहिलेले लेख मी वाचले आहेत. प्रत्यक्षात तो आकडा रेडिओसाठी छोटे केलेले रूप, केवळ वाद्यांची आवृत्ती किंवा व्हिडीओ यांतल्या कशालाही गेलेला असू शकतो. हक्कांच्या नोंदवह्यांत रचना नोंदलेली असते, ध्वनिमुद्रण नव्हे. रचना नोंदली गेली म्हणून ती पूर्ण स्वरूपात कुठल्या कपाटात पडून आहे असे म्हणता येत नाही. सारख्या नावाच्या दोन माणसांची गल्लत होते ती वेगळीच. शिवाय डिस्कॉग्जवरची माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते. कुणी खोडसाळपणे एक ओळ टाकली, की तीच ओळ दहा ठिकाणी ‘पुरावा’ म्हणून फिरते.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२३ मध्ये अमेरिकी गायक फ्रँक ओशन याची ‘फुटलेली’ गाणी म्हणून यंत्राने बनवलेले आवाज चाहत्यांना हजारो डॉलरना विकले गेले. गायकाच्या आवाजाची नक्कल निदान खटकण्याची शक्यता असते. शब्दच नसलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतात खोटे ओळखणे त्याहून अवघड. स्कॉटलंडच्या ‘बोर्ड्स ऑफ कॅनडा’ या जोडीच्या नावाने खोटी गाणी तर यंत्रे येण्याच्या कितीतरी आधीपासून फिरत आहेत. अशा वेळी कागद उपयोगी पडतो. गाण्यामागे इंजिनीअर, क्रमांक, नोंद यांपैकी काहीही नसेल, तर निदान थांबून विचार करता येतो. श्रेयाच्या शोधाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. दडलेले सापडण्यापेक्षा बनावट उघडे पडणे हा त्याचा मोठा लाभ आहे.

याची उलटी बाजूही आहे आणि ती आपल्या मुंबईची आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग वाजवले. एचएमव्हीने ती तबकडी काढली, ती फारशी चालली नाही आणि विस्मरणात गेली. एडो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा ऐकणारे चक्रावले. शिकागोत ‘ॲसिड हाउस’ जन्मण्याच्या आधीच मुंबईत कुणी हुबेहूब तसे वाजवले होते? हा आजच्या कुणातरी संगीतकाराने रचलेला बनाव असणार, अशी शंका जाहीरपणे घेतली गेली. एचएमव्हीची मूळ तबकडी हाताशी होती आणि खुद्द सिंग मुंबईत हयात होते, म्हणून ती शंका टिकली नाही. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. लेबलवरचे छापील वर्ष नसते आणि मूळ प्रती नष्ट झाल्या असत्या, तर मुंबईच्या एका वादकाचे श्रेय बनावाच्या खात्यात जमा झाले असते.

कलाकाराला नको असेल तर?

खरा वाद इथे आहे. एखाद्याने रचना पूर्ण केली, मास्टरिंगही केले आणि मग ठरवले की ही नको. तो त्याचा हक्क आहे की नाही? माझे उत्तर स्पष्ट आहे : आहे. ‘आम्ही तुझे इतके निस्सीम चाहते आहोत, तेव्हा तुझ्या कपाटावर आमचाही हक्क’ हा युक्तिवाद प्रेमाचा वाटतो, पण तो दंडेलीचा आहे.

आपल्याकडे या वादाला जुना संदर्भ आहे. घराण्यांच्या चिजा उस्ताद मंडळी जिवापाड जपत. शिष्यालाही सहजासहजी देत नसत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी त्या मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढून सर्वांसाठी खुल्या केल्या. आज त्या पुस्तकांशिवाय संगीताच्या शिक्षणाची कल्पना करता येत नाही. तरीही घराण्यांमध्ये त्यांच्याबद्दल नाराजी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. फरक असा की भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांसमोर बसले, मागून घेतले. माहिती मिळवणे आणि वस्तू उचलणे यांतली रेघ तिथेही होती.

ही रेघ आज सर्वाधिक ओलांडली जाते ती मास्टरिंग इंजिनीअरांच्या बाबतीत. कामांच्या यादीत नाव दिसले की त्यांना संदेशांचा मारा होतो. किती गाणी आहेत, केव्हा येणार, एक मिनिट तरी ऐकवा. या लोकांचा सगळा व्यवसाय विश्वासावर चालतो. करारात गोपनीयतेचे कलम असते. एका गाण्याचा तुकडा बाहेर गेला तर पुढचे गिऱ्हाईक येत नाही. त्याचा परिणाम काय होतो, तर ते याद्या प्रसिद्ध करणेच बंद करतात. म्हणजे जो झरा चाहत्यांना माहिती देत होता, तो चाहत्यांच्याच हट्टापायी आटतो.

त्यापुढचा टप्पा चोरीचा. जून २०१९ मध्ये ‘रेडिओहेड’ या बँडची ‘ओके कॉम्प्युटर’च्या काळातली सुमारे १८ तासांची मिनिडिस्क-मुद्रणे चोरीला गेली. चोरांनी दीड लाख डॉलर मागितल्याचे बँडने सांगितले. बँडने पैसे न देता सगळीच मुद्रणे १८ दिवसांसाठी १८ पौंडांना विकायला काढली आणि रक्कम पर्यावरणाच्या चळवळीला दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण हा पर्याय बँडने खुशीने निवडला नव्हता, हे टाळ्यांच्या गजरात विसरले गेले.

मग ‘कॉस्टिक विंडो’चे काय झाले?

इथे चाहत्यांनी जे केले, ते मला आदर्शाच्या जवळ जाणारे वाटते. १३ हजार ५०० डॉलर एकट्याला परवडणारे नव्हते. गुपचूप प्रत मिळवून ती इंटरनेटवर सोडून देता आली असती. त्याऐवजी त्यांनी कंपनीशी आणि खुद्द जेम्सशी बोलून परवानगी घेतली. मग ‘किकस्टार्टर’वर वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला अल्बमची डिजिटल प्रत मिळणार होती. अपेक्षा काही शेकड्यांची होती. वर्गणीदार झाले ४ हजार १२४ आणि जमले ६७ हजार ४२४ डॉलर. तबकडी विकत घेतली, तिचे काळजीपूर्वक डिजिटल रूपांतर झाले आणि वर्गणीदारांना संगीत मिळाले. मग तीच तबकडी ‘ईबे’वर लिलावात काढली गेली आणि ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचा निर्माता मार्कस पेरसन याने ती ४६ हजार ३०० डॉलरना घेतली. त्या पैशातला वाटा कलाकाराला आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेलाही गेला.

पुढे जे घडले ते योगायोग म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या आकाशात ॲफेक्स ट्विनच्या बोधचिन्हाचा फुगा दिसला आणि सप्टेंबरमध्ये ‘सायरो’ हा तेरा वर्षांनंतरचा अल्बम आला. त्याच्या वेष्टनावर निर्मितीचा आणि जाहिरातीचा खर्च बारीक अक्षरांत छापलेला होता. कोणती यंत्रे वापरली त्याची यादीही. मास्टरिंग मँडी पार्नेल यांचे, लंडनच्या ‘ब्लॅक सलून’ स्टुडिओतले. गाण्यांच्या नावांतच कंसात वेग आणि ‘अमुक मिक्स’ असे लिहिलेले. म्हणजे इतर रूपेही कुठेतरी आहेत, हे त्याने स्वतःच सुचवले. जानेवारी २०१५ मध्ये ‘साउंडक्लाउड’वर निव्वळ आकड्यांचे नाव असलेल्या खात्यावरून त्याची शंभराहून अधिक अप्रकाशित गाणी एकामागून एक येऊ लागली, तीही फुकट. चाहत्यांच्या संयमाचेच हे फळ असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण ज्याच्या चाहत्यांनी आदल्या वर्षी परवानगी मागितली होती, त्याला कपाट उघडताना भीती वाटली नसेल, इतके म्हणायला हरकत नाही.

आपल्या फोनवर हे श्रेय का दिसत नाही?

कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर किंवा सीडीच्या पुस्तिकेत शेवटच्या ओळीत का होईना, मास्टरिंग करणाऱ्याचे नाव असे. स्ट्रीमिंगमध्ये ती ओळ गेली. बहुतेक ॲपवर गायक, गीतकार, संगीतकार, फार तर निर्माता. तेही तीन ठिपके दाबल्यावर. ‘सैराट’चे संगीत हॉलीवूडच्या स्टुडिओत सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले, हे गावोगावी लोकांना तोंडपाठ आहे. ते आपल्या दहा हजारांच्या फोनवरही खणखणीत वाजते, यात शेवटचा हात कुणाचा, हे मात्र फोन सांगत नाही.

तांत्रिक अडचण आहे का? नाही. गाणी आणि त्यांची माहिती कंपन्यांकडून ॲपकडे ज्या ‘डीडेक्स’ मानकानुसार पाठवली जाते, त्यात मास्टरिंग इंजिनीअरसाठी वेगळी नोंद आधीपासून आहे. कंपन्यांनी ती भरायची आणि ॲपवाल्यांनी पडद्यावर आणायची, एवढेच उरते. अप्रकाशित गाण्यांच्या मागे रात्र रात्र जागणाऱ्या चाहत्यांनी आपला थोडा हट्ट या मागणीकडे वळवला, तर प्रकाशित झालेल्या लाखो गाण्यांमागची नावे तरी उजेडात येतील.